पिवळसर आणि पिवळट

घराला रंग कोणता द्यावा, हा प्रश्न साहित्याच्या विद्यार्थ्यांपुढे आणि अध्यापकांपुढे मांडताना आम्हांला थोडा संकोच वाटतो. अशा प्रश्नांची रूढ जागा रविवारच्या पुरवणीत. परंतु गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस, दसऱ्याच्या आधी, नाशिकच्या आमच्या घरात या एका प्रश्नावर जे तीन आठवडे खर्ची पडले त्यांत रंगाइतकाच वाटा शब्दांचा होता; आणि वाद शब्दांवर आला की तो आपल्या अंगणात आला असे समजायला हरकत नसावी.

वाद तसा साधा. आमच्या कन्येचे म्हणणे असे, की भिंती पांढऱ्याशुभ्र असाव्यात. पांढऱ्या भिंतींनी खोली मोठी दिसते, पुस्तके उठून दिसतात, आणि हल्ली सगळीकडे तसेच असते. (हे तिसरे कारणच मुळातले असावे, असा आमचा समज.) आमच्या आईचे वय ब्याऐंशी. तिचे म्हणणे एका वाक्यात संपले : “पिवडी घाला म्हणावं, चिमूटभर. फार नको.” आम्ही दुकानातून रंगांचे कार्ड आणले होते. फिक्या, उबदार पिवळ्याचे त्यावर वीसबावीस चौकोन, आणि प्रत्येकाखाली एक इंग्रजी नाव. कुठे लोणी, कुठे व्हॅनिला, कुठे कुठल्याशा परदेशी कुरणातली सकाळ. आईने कार्ड डोळ्यांजवळ धरले, लांब धरले, आणि परत दिले. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजव्याच्या शस्त्रक्रियेची तारीख ठरलेली. तिला ते सगळे चौकोन एकच दिसत होते. दुकानदारापुढे ‘पिवडी’ हा शब्द टाकून पाहिला, तर तो म्हणाला, “क्रीम म्हणायचंय का, सर?”

शब्द ओळखला तो रंगाऱ्याने, आणि तोही मराठी नव्हे. उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्याकडचा हा तरुण. ‘पिवडी’ त्यालाही कळेना. पण पिवळी माती, चुन्यात कालवायची, असे आईने हातवाऱ्यांनी सांगताच त्याचा चेहरा उजळला. “अच्छा, रामरज!” तिकडे पिवडीला रामरज म्हणतात, रामाच्या पायांची धूळ. रामकथेत चित्रकूट आधी आणि पंचवटी नंतर, हे लक्षात घेता तो शब्द योग्य वाटेनेच नाशकात पोचला म्हणायचा.

पिवडी म्हणजे लोहाचा अंश असलेली पिवळी माती. तापवली की तिच्यातले पाणी निघून जाते आणि ती तांबडी होते. म्हणजे पिवडी आणि गेरू या सख्ख्या बहिणी. कळीचा चुना पाण्यात विझवायचा, खदखदून तो शांत झाला की मुरू द्यायचा, फडक्यातून गाळायचा, त्यात खळ किंवा सरस घालायचा, आणि मग वेगळी भिजवलेली पिवडी थोडी थोडी सोडायची. ओला असताना चुना रंगाला झाकत नाही, वाळल्यावर झाकतो. त्यामुळे बादलीत जो रंग दिसतो तो भिंतीवर कितीतरी फिका होऊन उतरतो. किती फिका, हे अंदाजानेच कळे. चिमूट या मापाला तेथे अर्थ होता, कारण ती चिमूट कोणाची हे घरात ठाऊक असे.

पिवडीच कशाला, हळद का नको? महाराष्ट्रातल्या घरात हा प्रश्न पडणे साहजिक आहे. हळदीहून आपला असा पिवळा दुसरा कोणता? पण चुन्याच्या क्षाराशी गाठ पडली की हळद लाल होते, आणि कुंकवाचा जन्मच तिच्या या गुणातून झाला आहे. ज्या घरांत हळदीपासून कुंकू करीत तेथे हे कोणाला शिकवावे लागत नसे. शिवाय हळदीचा रंग उन्हात उडतो. तेव्हा देवाचा, अंगाचा आणि अन्नाचा पिवळा हळदीचा, आणि भिंतीचा पिवळा जमिनीतला, अशी वाटणी रसायनाने आधीच करून ठेवली होती.

आमचा वाडा जुन्या नाशकात, गंगेकडे उतरणाऱ्या एका गल्लीत होता. (गोदावरीला नाशिककर गंगाच म्हणतात, परगावच्या वाचकांनी गोंधळू नये.) चौकात ऊन, ओसरीवर उजेड, आणि माजघरात भर दुपारी दिवा. या माजघराला आमची आई दरवर्षी दिवाळीच्या आधी पिवडीचा हात देत असे. पिवडीने उजेड वाढतो असे नाही. पांढरा चुना अधिकच उजेड परतवतो. पण उजेड मुळात थोडा असेल तर पांढरी भिंत करडी दिसते आणि त्या करडेपणात एक निळसर झाक येते. पिवडीची भिंत तेवढ्याच उजेडात उबदार राहते. चाळीस वॅटच्या दिव्याचा प्रकाश स्वतःच पिवळसर असतो, त्याला ही भिंत परकी वाटत नाही. आषाढ-श्रावणात आठआठ दिवस सूर्य न दिसणाऱ्या गावात ही गोष्ट सौंदर्याच्या चर्चेपेक्षा थोडी जास्त महत्त्वाची होती.

स्मरणरंजन हा आपल्याकडच्या आत्मपर लेखनाचा जुना आजार आहे, आणि त्याची लागण आम्हांला होऊ नये म्हणून दुसरी बाजूही नोंदवतो. पिवडी अंगाला लागत असे. पाठीवर पिवळा डाग घेऊन शाळेत गेलेला मुलगा हा घरी भिंतीला टेकून बसणारा, म्हणजेच आळशी, हे मास्तरांना न विचारता कळे. चुन्याने आईचे तळवे फाटत. दिवाळीची उटणी आणि तेले त्या तळव्यांवर झोंबत. रंग एक वर्ष टिके आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच. १९६९ च्या महापुरात वाड्याचा खालचा भाग बुडाला, त्यानंतर कितीतरी दिवाळ्या पाण्याची रेघ चुन्याच्या थरांखालून वर येत राहिली. मात्र सप्टेंबर २००८ मध्ये पुन्हा पाणी शिरले तेव्हा एक गोष्ट आम्ही स्वतः पाहिली. पुढच्या खोल्यांना तोवर प्लॅस्टिक रंग लागला होता. तो पापडासारखा फुगून सुटला. मागची एक अडगळीची खोली चुन्याचीच राहिली होती. ती महिन्याभरात वाळली आणि एका हातात भागले. चुन्याची भिंत ओल कोंडून ठेवत नाही, बाहेर सोडते. २०११ मध्ये वाडा पाडला, तेव्हा माजघराच्या भिंतीचा एक पोपडा आम्ही उचलून पाहिला होता. कडेला पानांच्या गठ्ठ्यासारखे थर दिसत होते, पांढरे आणि पिवळे. तो आम्ही जपून ठेवला नाही.

आता आमच्या व्यवसायाकडे वळतो. वर्गात जुन्या घराचे वर्णन लिहायला सांगितले की बहुतेक उत्तरपत्रिकांत एक वाक्प्रयोग हटकून येतो : ‘पिवळट भिंती’. सोबत कोळिष्टके आणि करकरणारा झोपाळा. मराठीने रंगांना लावायला जे प्रत्यय दिले त्यांत ‘सर’ आणि ‘ट’ यांच्यात केवढे अंतर आहे! ‘पिवळसर’ म्हणताना आपण पिवळ्याच्या जवळ जातो आणि थांबतो. त्यात मत नसते. ‘पिवळट’ म्हणताना नाक किंचित मुरडले जाते. चवीच्या विशेषणांत हा ‘ट’ निरुपद्रवी आहे, आंबट, तुरट, खारट; पण तोच रंगाला आणि स्पर्शाला लागला की मळकट, कळकट, तेलकट, ओशट अशा गणगोतात जाऊन बसतो. विद्यार्थी ‘पिवळट’ लिहितो तेव्हा रंग सांगत नाही, निकाल देतो. पिवळी भिंत म्हणजे एकेकाळी पांढरी असलेली, पुढे काळाने, धुराने, दुर्लक्षाने खराब झालेली भिंत, असे त्याने गृहीत धरलेले असते. कोणी तरी ती मुद्दाम पिवळी केली असेल, मोजून, चिमटीने, ही शक्यताच त्याच्या वाचनातून गळून गेली आहे. कागद पिवळा पडतो, छायाचित्र पिवळे पडते, म्हणून भिंतही ‘पडली’ असणार.

या गैरसमजाचा दुसरा पुरवठा इंग्रजीच्या वर्गातून होतो असा आमचा कयास आहे. शार्लट पर्किन्स गिलमन यांची १८९२ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘द यलो वॉलपेपर’ ही कथा स्त्रीवादी समीक्षेच्या निमित्ताने आपल्याकडे पुष्कळ शिकवली जाते, आणि ती शिकवलीच पाहिजे. विश्रांतीच्या नावाखाली खोलीत ठेवलेली एक स्त्री आणि भिंतीवरचा तो किळसवाणा पिवळा कागद. पण कथा वाचून झाल्यावर विद्यार्थ्यांच्या हाती उरते ते एक समीकरण : पिवळी भिंत म्हणजे कोंडमारा आणि आजार. मग ते समीकरण घेऊन ते मराठी कादंबरीतल्या माजघरात शिरतात. काविळीच्या दृष्टीला सगळे पिवळे दिसते ही आपली जुनी म्हण. येथे दृष्टी निरोगी असून भिंतीलाच कावीळ झाल्याचे निदान केले जाते.

गिलमन यांच्या कथेत रंगापेक्षा मोठी गोष्ट ही आहे, की त्या खोलीची आणि त्या कागदाची निवड त्या स्त्रीची नाही. तिला दुसरी खोली हवी होती. कागद बदलावा असेही तिने सुचवले होते. आमच्या आईला माजघराने कधी कोंडले नाही, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. तिने त्या खोलीत जी वर्षे काढली त्यांचा हिशेब तिने आम्हांला दिलेला नाही आणि आम्ही मागितलेला नाही. परंतु तेथला पिवळा किती पिवळा असावा, हे तीच ठरवीत होती. त्या घरात तिने ठरवायच्या गोष्टी फार नव्हत्या. म्हणूनच उत्तरपत्रिकेतला तो ‘ट’ आम्हांला खुपतो. तो एका बाईने घेतलेला निर्णय पुसून त्या जागी काळाची करणी लिहितो.

भाषेने ‘सर’ आणि ‘ट’ यांत जे ओळखले तेच गटेने रंगांवरच्या १८१० मधल्या ग्रंथात वेगळ्या वाटेने मांडले आहे. शुद्ध पिवळा प्रसन्न असतो, पण त्याच्याइतका लवकर बिघडणारा रंग नाही, आणि थंडाकडे, हिरवटपणाकडे जरासा झुकला की तो अप्रिय होतो, अशा अर्थाचे त्याचे निरीक्षण आहे. (हिरवटातही ‘ट’ आहेच.) याचा पडताळा आम्हांला घरातच आला. कार्डावरचा एक चौकोन आम्ही वाङ्मयीन आत्मविश्वासाने निवडला, डबा आणला आणि दिवाणखान्यात हातभर पट्टा मारून घेतला. सकाळी तो साईसारखा दिसला. संध्याकाळी एलईडीचा पांढरा दिवा लागला आणि त्याच भिंतीवर पिवळट, अगदी निःसंशय पिवळट, चौकोन उभा राहिला. कन्येने एकच शब्द उच्चारला, “हॉस्पिटल.”

दोष रंगाचा नव्हता. जुना तारेचा दिवा साधारण २७०० केल्विनचा, म्हणजे पिवळसर. आमच्या छताला ६५०० केल्विनचा, निळसर पांढरा. फिका पिवळा हा असा रंग आहे की त्याचा निम्मा भाग डब्यात असतो आणि निम्मा दिव्यात. दुसरी अडचण भिंतींच्या आपसांतल्या संभाषणाची. समजा, एखादी भिंत पिवळ्या प्रकाशाचा ८५ टक्के आणि निळ्याचा ६० टक्के भाग परतवते. तोच प्रकाश समोरच्या तशाच भिंतीवर आपटून आला की पिवळा ७२ टक्के उरतो आणि निळा फक्त ३६. कार्डावर सौम्य दिसणारा पिवळा चार भिंतींवर चढला की ओरडू लागतो, तो यामुळे. म्हणून कोणी आमचे मत विचारलेच तर ते असे : फिका पिवळा जरूर लावावा, आवडलेल्या छटेपेक्षा दोन पायऱ्या फिका निवडावा, समोरासमोरच्या दोन भिंतींवर पट्टे मारून ते दिवेलागणीला पाहावेत, आणि रंग बदलण्याआधी दिवा बदलून बघावा. आम्ही दिवे बदलले. निम्मा वाद तेथेच मिटला.

उरलेला निम्मा रंगाऱ्याने मिटवला. यंत्रातून कालवून आलेला डबा त्याने बाजूला ठेवला, पांढरे इमल्शन घेतले आणि पिशवीतून स्टेनरची एक बाटली काढली. तिच्यावर ‘यलो ऑकर’ असे लिहिलेले होते. हा ऑकर म्हणजे आपली पिवडीच. हल्ली ती खाणीऐवजी बहुधा कारखान्यातून येते, पण रंग त्याच लोहाचा. कुळ निरुपद्रवी आहे, हे येथे सांगितले पाहिजे. तेलरंगांत भडक पिवळ्यासाठी शिशाचे क्रोमेट वापरले जाई. घरगुती रंगांत शिसे दशलक्ष भागांत ९० च्या वर असू नये असा नियम आपल्याकडे २०१६ मध्ये झाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. तोवर किती मुलांनी पिवळी खेळणी आणि पिवळ्या खिडक्या चाटल्या असतील, ते असो. रंगारी थेंब टाकी, काठी फिरवी, भिंतीवर बोट ओढी, आणि वाळण्याची वाट पाही. चिमटीच्या जागी थेंब आले होते एवढेच.

या दिवसांत एक विचार मनात घोळत होता, तोही येथे मांडून ठेवतो. नाशिक जिल्ह्यातल्याच येवल्यात पैठणीच्या दुकानात बसावे आणि रंगांची नावे ऐकावीत : मोरपंखी, आमसुली, डाळिंबी, अबोली, मोतिया, केतकी. फिक्या पिवळ्याचीच दोनतीन घराणी त्यात निघतात. भिंतीच्या रंगाला मात्र ‘क्रीम’ या एका शब्दावर भागवावे लागते. आधी आम्हांला वाटले, भिंतीचेही शब्द होते आणि ते आपण गमावले. नीट आठवल्यावर ते खरे वाटेना. चुन्याच्या काळात भिंतीला पांढरा, पिवडी, गेरू, नीळ यांपलीकडे फारसे शब्द नव्हतेच. पातळाचा रंग बायका दुकानात पदर उलगडून, उजेडात नेऊन, एकमेकींशी बोलून निवडत आल्या. म्हणून तेथे शब्द वाढले आणि टिकले. भिंतीचा रंग घरातच कालवला जाई, त्याला बाजारात नावाने मागावे लागत नसे. ज्या दिवशी तो मागावा लागला त्या दिवशी कार्ड छापून तयार होते. मोतिया आणि केतकी हे शब्द पातळावरून भिंतीवर उतरवायला आजही कोणाची आडकाठी नाही. आम्ही दुकानदारापुढे ‘केतकी’ म्हणून पाहिले. त्याच्या बायकोला ते लगेच कळले.

दरम्यान आईच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. पट्टी निघून ती घरी आली तेव्हा दिवाणखान्याच्या भिंतींना नुसता पांढरा प्रायमर लागलेला होता. ती दारातच थांबली. “नीळ फार झाली,” असे म्हणाली. प्रायमरात नीळ नव्हती. मोतीबिंदूचे भिंग पिकत जाते, पिवळे-तपकिरी होते, आणि निळा प्रकाश अडवते. ते काढले की कित्येक वर्षे न दिसलेला निळा एकदम आत येतो. चित्रकार क्लोद मोने याच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया १९२३ मध्ये झाली, तेव्हा त्यानेही जग फार निळे दिसत असल्याची तक्रार केली होती. योगायोग असा, की जिव्हर्नीच्या त्याच्या घरातला जेवणाचा दिवाणखाना पिवळा आहे, भिंतींपासून फडताळांपर्यंत.

आई भिंतीवरच्या तीन पट्ट्यांपुढे उभी राहिली. एक डोळा तळहाताने झाकी, मग दुसरा. जुन्या डोळ्याला तिसरा पट्टा अगदी माजघरासारखा दिसत होता. नव्याला तोच पट्टा जेमतेम पिवळा. रंगारी काठी हातात धरून थांबला होता. त्याने विचारले, “आजी, कौन-सी आँख का रखूँ?” आम्ही जुन्या डोळ्याच्या बाजूने होतो, हे कबूल करतो.

“याचंही ऑपरेशन व्हायचंच आहे ना,” ती डावा डोळा दाखवून म्हणाली, “मग नव्याला बघून कर. दोन थेंब घाल आणखी.”

त्याने दोन थेंब घातले. कन्येने आपली खोली पांढरीच ठेवली आहे, आणि दार लावून घेतले की ते कोणाला दिसत नाही. दिवाणखान्याचा दुसरा हात वाळला त्या संध्याकाळी आई खुर्चीतून उठली, भिंतीवरून तळवा फिरवला आणि दिव्याजवळ नेऊन निरखून पाहिला. मग पदराने उगाचच पुसला.

“काहीच लागत नाही हाताला,” ती म्हणाली.